चावी मावशीच्या कनवटीला

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. रागावून नव्हे. रागवायचं तरी समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटेनासं झालं होतं. मी तेव्हा लॉरी चालवत असे. मुंबईच्या कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या मोटारी लॉरीवर चढवायच्या आणि पुण्या-साताऱ्याच्या दुकानांत नेऊन उतरवायच्या, हे माझं काम. त्याच कामावर गणपत नावाचा माझा सोबती होता. बोरघाटातल्या शिंग्रोबाला जाता-येता सगळेच ड्रायव्हर खिडकीतून नाणं टाकतात. गणपत तसं कधी करत नसे. तो लॉरी बाजूला घेई, खाली उतरे, वहाणा काढे आणि डोकं टेकवूनच पुढे निघे. मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी त्याला घाई नसे. त्या चैत्रात, घाट सुखरूप चढून आल्यावर, लोणावळ्याच्या पुढच्या सरळ रस्त्यावर भर दुपारी त्याला झोप लागली आणि लॉरी वडाच्या झाडावर गेली. ओळख पटवायला मलाच जावं लागलं. पुढच्या खेपेला घाटात शिंग्रोबाचं देऊळ आलं तेव्हा माझे हात स्टिअरिंगवरून निघाले नाहीत. 'ह्याने तुझ्यासाठी थांबायचं कधी चुकवलं नाही, आणि तू?' एवढंच मनात आलं. त्यानंतर मी तिकडे नजरही वळवली नाही.

आमचं काम बाहेरून पाहणाऱ्याला मजेचं वाटे. चकचकीत मोटारी पाठीवर घेऊन लॉरी निघाली की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. पण त्या मोटारी वर चढतात कशा, हे कोणी पाहिलेलं नसे. आमच्या शेटजींनी लष्कराच्या लिलावातली एक लांब लॉरी घेऊन तिच्यावर लोखंडी सांगाडा बसवून घेतला होता. पुढची मोटार तोंड वर करून केबिनच्या टपावर रेलायची आणि मागची तिच्या शेपटाशी सपाट उभी राहायची. चढवायला दोन फळ्या, एकेक वीतभर रुंद. मोटार त्यांच्यावर चढू लागली की आत बसलेल्याला ना फळी दिसते ना चाक. समोरच्या काचेतून नुसतं आभाळ दिसतं. पुढे उभा राहून जो हात हलवतो, त्याच्या हातावर सगळा भरवसा. माझ्यासाठी गणपत उभा राहायचा आणि त्याच्यासाठी मी. तो गेल्यावर जो कोणी रिकामा सापडेल त्याला उभं करावं लागे. त्याच्यावर माझा विश्वास बसत नसे. हातभर चढलो की मी हँडब्रेक ओढून खाली उतरे, वाकून पाही, पुन्हा चढे, पुन्हा उतरे. जिथे पाव तास लागायचा तिथे तास लागू लागला. मग काथ्याचे दोर आवळायचे, चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे मारायचे, दोर जिथे रंगाला घासेल तिथे चिंध्या गुंडाळायच्या. उन्हात तापलेलं लोखंड हाताला चटके द्यायचं. एवढं सगळं झालं की मग ड्रायव्हरचा दिवस सुरू व्हायचा. चढवण्यात गेलेले तास कोणी कामात धरतच नसे.

दसऱ्याच्या आधीचे दिवस सर्वांत वाईट. दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात मोटार यावी म्हणून माणसं कितीतरी दिवस नंबर लावून बसलेली असत. त्यामुळे नवरात्रात खेपांवर खेपा. त्या वर्षी घट बसल्यापासून मी घरी अंथरुणाला पाठ लावली नव्हती. मुंबई-पुणे, पुणे-मुंबई, आणि मधे कारखान्याच्या फाटकाबाहेर रांगेत उभं राहायचं. डोळा लावायला तेवढीच जागा, पण रांग सरकली की मागचा हाका मारायचा. खांडेनवमीच्या सकाळी मी दोन मोटारी घेऊन निघालो, तेव्हा लागोपाठ दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. शेटजींनी बजावलं होतं की दिवे लागायच्या आत मोटारी पुण्याच्या दुकानात पोहोचल्याच पाहिजेत. मी हो म्हटलं. सगळा दोष त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही. 'मला झोप हवी' असं म्हणायची मला लाज वाटे. जागरण सोसतो तोच ड्रायव्हर, अशी आमच्यात समजूत होती. आणि गणपत गेल्यावर तर मी हट्टानेच जागत होतो. देव राखत नाही ना, मग माझं मीच राखीन, असं काहीसं माझ्या मनाने घेतलं होतं.

खोपोलीला तोंडावर पाणी मारलं, कडक चहा घेतला आणि खिशात हिरव्या मिरच्या टाकल्या. झोप आली की एक चावायची. घाटात मात्र झोप येत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, पहिल्या गिअरमध्ये कण्हणारं इंजिन आणि आरशात मागच्या मोटारीचं डुलणारं शेपूट. तिथे भीतीच माणसाला जागं ठेवते. शिंग्रोबा आला आणि गेला. खंडाळा गेलं, लोणावळ्याचा बाजार गेला. झेंडूच्या राशी, आपट्याच्या फांद्या घेऊन बसलेल्या बाया, हार घातलेले टांगे आणि टॅक्स्या. ज्याचं ज्याच्यावर पोट, त्याने त्याची पूजा करायची तो दिवस. माझ्या लॉरीला फुलाची पाकळीसुद्धा नव्हती. पुढे कुसगावला जाणारा रस्ता फुटला. तिथून माझं घर जवळच. घरात बायको सुभद्रा आणि दोन मुली होत्या. सुभद्राचे नवरात्राचे उपास चालले होते, आणि मी येता-जाता निदान दारात उभा तरी राहीन म्हणून तिचे कान रस्त्याकडे असणार, हे मला ठाऊक होतं. पाय एकदा ब्रेककडे गेला. 'आता थांबलो तर पुन्हा उठणं व्हायचं नाही,' असं स्वतःला सांगून मी तो काढून घेतला.

झोपेचं खरं ठिकाण घाट संपल्यावर असतं. भीती सरते, रस्ता सरळ होतो आणि अंग सैल पडतं. आश्विनातलं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं भात, त्याचा गोडसर वास, इंजिनाची एकसुरी घरघर. कार्ल्याचा फाटा गेला हे मला आठवतं. मिरची चावली आणि ती तिखट लागली नाही, हेही आठवतं. डोळे उघडे आहेत अशीच माझी समजूत होती. मग मी इंद्रायणीच्या डोहात पाय सोडून बसलो होतो आणि पाण्याचा गारवा गुडघ्यांपर्यंत चढत होता.

"ऊठ रं!"

एवढे दोनच शब्द. बाईचा आवाज. ओरडल्यासारखा नव्हता. उशाशी बसून कोणी हलवून उठवावं तसा होता. मी डोळे उघडले. समोर रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, दोन्ही हात वर. तिच्या मागे दहाबारा माणसं खांद्यावर एक भलं लांब लाकूड घेऊन रस्ता ओलांडत होती. लाकडाचं एक टोक अजून रस्त्याच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे. खांद्यावरचं ओझं टाकून पळायलाही त्यांना वेळ नव्हता. मी सगळं अंग घालून ब्रेकवर उभा राहिलो आणि गाडी डावीकडे कापली. लॉरी किंचाळत घसरत गेली, तिचं पुढचं डावं चाक रस्त्याकडेच्या चरात उतरलं आणि ती थांबली. म्हातारी आणि लॉरीचं नाक यांत चार पावलांचं अंतर होतं. तिचे हात अजून वरच होते.

मी खाली उतरायला दार उघडलं. तेवढ्यात मागून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि कोणीतरी ओरडलं, "आरं, मागली मोटार पडतीय!" लॉरी एका अंगाला कलल्यामुळे मागची मोटार घसरून तिचं मागचं चाक सांगाड्याबाहेर लोंबत होतं. उजवीकडच्या एका दोरावर ती कशीबशी तोललेली. त्या माणसांनी खांद्यावरचं लाकूड रस्त्याकडेला ठेवलं आणि मी काही सांगायच्या आधीच मोटारीखाली खांदे दिले. "हां... उचला... वर घ्या!" असं म्हणत त्यांनी ती कोरी मोटार उचलून परत सांगाड्यावर ठेवली. चाकांखाली दगड लावले. ज्यांना मी दोन क्षणांपूर्वी चिरडणार होतो, तीच माणसं माझी मोटार सांभाळत होती. मी पायरीवर बसून नुसता बघत होतो.

ही माणसं डोंगराखालच्या वाडीतली, थोडंथोडं भात पिकवणारी आणि उरलेले दिवस मजुरीला जाणारी. त्यांनी वाघजाईचं देऊळ नव्याने बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या झाल्या होत्या आणि दसऱ्याच्या दिवशी आढं चढवायचं होतं, म्हणजे छपराचा सगळा भार घेणारं मधलं लांब लाकूड. तेच रस्त्यापलीकडे नेत होते. येणाऱ्या गाड्या थांबवायला म्हणून म्हातारीला रस्त्यात उभं केलं होतं. तिला सगळे मावशी म्हणत. वाडीतले सर्वांत वडीलधारे ते आबा. पांढऱ्या मिशा, अंगात बंडी, बोलणं कमी.

मी मावशीपुढे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "मावशी, माझी चूक झाली. माझा डोळा लागला होता."

"दिसलं की मला," ती म्हणाली. "गाडी अशी हितनं तितं, हितनं तितं येतीय. म्हनलं, गडी निजलाय."

"मग तुम्ही बाजूला का नाही झालात?"

"कुटं जाऊ? माज्यामागं आख्खी वाडी हुती की."

हे ती अगदी सहज बोलली. मला मान वर करता येईना. मी घाईने दोर सोडायला गेलो. लॉरी ओढताना पुन्हा घसरू नये म्हणून मागची मोटार उतरवायची, लॉरी चरातून काढायची, मोटार पुन्हा चढवायची आणि दिवे लागायच्या आत पुणं गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. पण रोज मी बांधतो-सोडतो ती गाठ मला सुटेना. आबा शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, कवापास्नं निजला न्हाईस?"

"परवापासून. पण आता ठीक आहे मी. झोप उडाली."

आबांनी मावशीकडे पाहिलं. ती लॉरीच्या पायरीवर चढली, आत हात घालून तिने चावी काढली आणि कनवटीला खोचली. "आता ही माज्यापाशी," म्हणाली. "तू निज जा."

मला राग आला. इतकी माणसं मारता मारता राहिलो होतो, तरी मला राग आला, हे आज लिहिताना लाज वाटते. मी म्हणालो, "मावशी, माझी नोकरी जाईल. उद्या दसरा आहे, लोक मोटारींची वाट बघत बसलेत."

"नोकरी जाईल म्हंतोस," ती म्हणाली, "आन् मगाशी काय जानार हुतं, त्ये ठावं हाय का तुला?"

आबांनी मोटारींपाशी दोन माणसं बसवली. मला हाताला धरून ते शेताच्या बांधावरून देवळाकडे घेऊन गेले. चार भिंती, वर उघडं आभाळ, आत एका चौथऱ्यावर शेंदूर लावलेला देवीचा तांदळा, नुसता न घडवलेला दगड. भिंतीच्या सावलीत त्यांनी घोंगडी अंथरली. मी आडवा झालो आणि सवयीप्रमाणे मन एकेक गोष्ट मोजू लागलं. दोर नीट आहेत का, मोटारीला ओरखडा गेला असेल का, शेटजी काय म्हणतील. गणपत गेल्यापासून मी जिथे पडलो तिथे असाच पडत आलो होतो, अर्धा जागा. पण त्या दिवशी करण्यासारखं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. चावीसुद्धा नव्हती. मी कूस वळलो. वाऱ्याने भाताच्या शेतातून खसखस आवाज येत होता. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जागा झालो तेव्हा ऊन विसापूर किल्ल्याच्या अंगाला कललं होतं. आपण कुठे आहोत हे थोडा वेळ कळलंच नाही, आणि कळलं तरी घाबरायला झालं नाही. अंग हलकं झालं होतं. कितीतरी महिन्यांनी डोळ्यांतली वाळू गेली होती. मावशी भिंतीशी बसून आपट्याची पानं निवडत होती. तिने माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि भोपळ्याची भाजी ठेवली. मी अधाशासारखा जेवलो. पाणी प्यायलो आणि मग तिला म्हणालो, "मावशी, तुम्ही 'ऊठ रं' म्हणून हाक मारलीत म्हणून वाचलो सगळे."

तिने निवडणं थांबवलं. "मी? मी कुटं हाक मारली? माजी तर दातखीळ बसलीती. तोंडातनं आवाजच फुटंना, म्हनून तर हात वर करून उभी ऱ्हायले."

"मग कोणी मारली? बाईचा आवाज होता."

"तितं बाईमानूस मी येकलीच."

मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "म्या तर डोळं मिटल्यालं. पर न्हाई बा, कुनी वरडलं न्हाई. वरडाया येळ कुटं हुता?" आणखी दोघांना विचारलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली. इंजिनाच्या घरघरीत रस्त्यावरून मारलेली हाक केबिनमध्ये ऐकू येत नाही, हे मलाही माहीत होतं. तेव्हा मावशी म्हणाली, "कुनी का हाक मारीना. तू उठलास न्हवं?" आणि पुन्हा पानं निवडू लागली. मी त्याच्या पुढे कधी चौकशी केली नाही. जे ऐकलं ते सांगितलं. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपला लावावा.

मग मोटारीचं काम निघालं. माझ्या जवळच्या फळ्या आखूड होत्या. लॉरी मातीच्या उंचवट्याला टेकवली तरच त्या चालत. सपाट रस्त्यावर लावल्या तर भिंतीसारख्या उभ्या राहत. मी डोकं धरून बसलो. आबा म्हणाले, "आमची लाकडं हायती की. ह्ये आढं हाय, आन् त्येच्या जोडीचं दुसरं बी लांब हाय."

मी दचकलो. "आबा, देवीचं आढं आहे ते. त्याच्यावर मोटारीची चाकं?"

"वर चढल्यावर देवीचं," आबा म्हणाले. "तवर त्ये लाकूडच हाय. लाव तू."

तासून चौकोनी केलेली ती दोन लाकडं लॉरीला लावली. दोर धरून माणसांनी मोटार हळूहळू खाली सोडली. मावशीने चावी दिली. चरात दगड भरले, लॉरी हिसका देऊन रस्त्यावर आली. आता मोटार परत चढवायची. मी आत बसलो, आणि पुढे हात हलवायला आबा उभे राहिले. त्यांनी आयुष्यात बैलगाडीखेरीज काही हाकलेलं नव्हतं. "हां, हां... जरा डाव्या बैलाकडं... आता सरळ... आरं सरळ म्हनलं की सरळ!" असं त्यांचं चाललं होतं आणि बाकीचे हसत होते. मोटारीचं तोंड वर झालं. काचेतून फक्त आभाळ दिसू लागलं, संध्याकाळचं, निवळलेलं. सवयीने माझा हात हँडब्रेककडे गेला. उतरावं, वाकून पाहावं. पण उतरलो नाही. त्या म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यात अशी काही खात्री होती की मी म्हटलं, हा सांगतो तसं जाऊ. एकदाही खाली न उतरता मी मोटार वर नेली. चारही चाकं सांगाड्यावर बरोबर बसली होती. गणपतनंतर असं पहिल्यांदाच झालं. मी मोटारीतच थोडा वेळ बसून राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि ते कोणाला दिसू नयेत असं वाटत होतं.

दोर आवळून झाले. मावशी हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. "आज खांडेनवमी. पुजलीस का गाडी?" मी नाही म्हटलं. तिने बॉनेटला कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं आणि बाजूला झाली. माझे हात केव्हा जोडले गेले ते मला समजलं नाही. लॉरीपुढे, की त्या बिनछपराच्या देवळापुढे, की त्या माणसांपुढे, तेही सांगता येणार नाही.

सूर्य डोंगराआड गेला होता. तेव्हा निघालो असतो तर थोडा उशीर होऊन का होईना, पुण्याला पोहोचलो असतो. आबा म्हणाले, "गाडी तुजी, मर्जी तुजी. पर डोळं आजून लाल हायती." मी चावी हातात फिरवत थोडा वेळ उभा राहिलो. मग मावशीपाशी गेलो आणि म्हणालो, "ही सकाळपर्यंत तुमच्याजवळच राहू द्या." तिने घेतली आणि पुन्हा कनवटीला खोचली. दुपारी तिने माझ्याकडून काढून घेतली होती, आता मी आपल्या हाताने दिली होती. आतून एवढं मोकळं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी उजाडल्यावर निघालो. वडगाव मावळ ओलांडताना तोरणं बांधणं चाललं होतं. देहूरोड मागे पडलं, पुणं आलं. दुकानापाशी पोहोचलो तर शटर बंद. म्हातारा पहारेकरी पायरीवर दात घासत होता. मी घाबरत घाबरत म्हणालो, "काल संध्याकाळी यायचं होतं, उशीर झाला."

"काल?" तो म्हणाला. "काल आला असतात तर कुलूप बघून बसला असतात. खांडेनवमीची पूजा करून मालक दुपारीच घरी गेले. आज मुहूर्त अकराचा आहे. सावकाश उतरवा."

मी लॉरीच्या पायरीवर बसलो आणि मला हसू फुटलं. कुलपाशी वेळेवर पोहोचण्यासाठी मी दोन रात्री जागलो होतो. हसता हसता रडू आलं. पहारेकऱ्याने आतून चहा आणून दिला. अकराच्या सुमाराला एक वयस्कर जोडपं आपली मोटार घ्यायला आलं. त्या बाईंनी तिला हार घातला. आदल्या दिवशी ती मोटार कुठे लोंबत होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

परतताना वाडीपाशी थांबलो. मला वाटलं होतं, आढं चढवायला आपणही हात लावू. पण ते सकाळीच चढलं होतं. माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं, आणि थांबावं तरी का? वाडी सोनं वाटायला गावात गेली होती. देवळात कोणी नव्हतं. मी वाघजाईपुढे डोकं टेकवलं. काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. गणपतचा प्रश्न तेव्हाही मनात होता आणि आजही आहे. त्याला का कोणी उठवलं नाही? ह्याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि माझ्या वाचण्यातून ते मिळतं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. त्याच्यासाठी मी आता नुसतं थांबतो. शिंग्रोबाला लॉरी बाजूला घेतो आणि उतरतो, त्याच्याच पद्धतीने.

मग घरी आलो. सुभद्राने दारात ओवाळलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "झोपलेले दिसता." एवढंच. मी तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिने आधी मुलींना जवळ घेतलं.

शेटजींना खरं तेच सांगितलं. ते संतापले. आठ दिवस मला घरी बसवलं. मग बोलावणं आलं, कारण मोटारी चढवणारा हात त्यांना मिळेना. मी एकच गोष्ट सांगितली, की ह्यापुढे प्रत्येक खेपेला कुसगावात घरी तीन-चार तास निजेन आणि मगच पुढे जाईन. ते कुरकुरले, पण त्यांनी मानलं. हळूहळू दुसऱ्या ड्रायव्हरांनाही हे कळलं. दुपारच्या वेळी आमच्या ओसरीवर एखादा ओळखीचा, कधी अनोळखीही, डोक्याखाली पंचा घेऊन पडलेला असे. सुभद्रा मुलींना मागच्या दाराने खेळायला पाठवी आणि म्हणे, "हळू बोला, दमलेला माणूस निजलाय."

शरण जाणं म्हणजे काय, हे मी कीर्तनांत पुष्कळ ऐकलं होतं. मला ते फार मोठं, माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरचं वाटायचं. माझ्यापुरतं ते अगदी लहान निघालं. मी दमलो आहे, एवढं कबूल करणं. सगळं मीच धरून ठेवलं तरच जग चालेल हा हट्ट सोडणं आणि डोळे मिटणं. मी ते आपण होऊन शिकलो नाही. मला हाताला धरून, घोंगडीवर निजवून ते शिकवावं लागलं. ज्यांनी शिकवलं त्यांचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि ते फेडायचे नसतात हेही आता समजतं. ओसरीवर कोणी घोरू लागलं की मी दार हळूच ओढून घेतो आणि मनातल्या मनात हात जोडतो.